पोलंडचे पारंपरिक शेतकरी वेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडचा ‘राष्ट्रीय पोशाख’ नेमका कोणता?

असा एकच पोशाख नाही. नऊवारी म्हटली तरी कोळणीची वेगळी, ब्राह्मणी वेगळी. पोलंडमध्येही तसंच, दर परगण्याचा वेश निराळा. क्राकूफच्या आसपासचा वेगळा, वोविचचा वेगळा, तात्रा डोंगरांच्या पायथ्याच्या पोदहालेचा तर शेजारच्या खोऱ्यापेक्षाही वेगळा. जाणकार माणूस गोर्सेतवरच्या, म्हणजे बायकांच्या मखमली चोळीवरच्या, भरतकामावरून बाई कुठल्या टापूतली हे ओळखतो.

तरीही परदेशात ‘पोलिश ड्रेस’ म्हणून जे दाखवतात तो बहुतेक वेळा क्राकूफचा वेश असतो. त्याला कारण १७९४ चं. ४ एप्रिलला रात्सवावित्सेच्या लढाईत कोयते दांड्याला सरळ ठोकून लढणाऱ्या शेतकऱ्यांनी रशियन तोफा काबीज केल्या आणि सेनापती तादेउश कोश्च्युश्को याने त्यांच्या सन्मानासाठी त्यांचीच सुकमाना अंगात घातली. तेव्हापासून खेड्यातला हा डगला देशभक्तीची खूण झाला.

हे वेश किती जुने आहेत?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरेच नवे. आज आपण जे झगमगीत वेश बघतो ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळात या रूपाला आले. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात वेठबिगारी १८४८ मध्ये संपली, रशियाच्या ताब्यातल्या भागात १८६४ मध्ये शेतकऱ्यांना जमिनीचा हक्क मिळाला. हातात चार पैसे आले, गिरणीचं मखमल, मणी, छापील लोकर बाजारात स्वस्त झाली आणि मग भरतकामाला ऊत आला.

दुसरी गोष्ट, हे सगळे सणावाराचे कपडे. रोजचा वेश म्हणजे घरच्या तागाच्या (म्हणजे लिननच्या, गोणपाटाच्या नव्हे) सुताचं जाडंभरडं, न रंगवलेलं कापड, आणि उन्हाळ्यात अनवाणी पाय. बूट इतके मोलाचे की चर्चला जाताना ते हातात धरून चालत आणि गावाच्या वेशीशी आल्यावर पायात घालत.

क्राकूफच्या पुरुषी वेशात काय काय असतं?

आतून बाहेर या क्रमाने:

तागाचा पांढरा सदरा. गळ्याशी बटण नाही, लाल फीत बांधतात किंवा पोवळं जडवलेला काटा लावतात.

लाल-पांढऱ्या उभ्या बारीक पट्ट्यांची विजार. पाय उंच काळ्या बुटांत खोचलेले. विजार बुटाबाहेर लोंबत असेल तर वेश चुकलाच म्हणून समजा.

त्यावर काफ्तान, म्हणजे गडद निळं, बिनबाह्यांचं, लांब जाकीट. पितळी बटणांच्या रांगा आणि लाल गोंडे.

काफ्तानवर चामड्याचा अरुंद पट्टा. त्याला पितळी कड्यांचे झुबके असतात. चालताना आणि क्राकोव्याक नाचताना ती छुमछुमतात, म्हणून त्यांचं नावच ब्झेन्काद्वा, म्हणजे वाजणारी. पट्टा कमरेला घट्ट आवळू नका; आवळला की कडी काफ्तानला चिकटून बसतात आणि वाजत नाहीत.

सगळ्यात वर थंडीत किंवा मिरवणुकीत सुकमाना, लोकरी बनातीचा लांब डगला. रुंद त्रिकोणी कॉलर पाठीवर पसरणाऱ्या प्रकाराला क्येरेझ्या म्हणतात.

डोक्यावर लाल, चौकोनी माथ्याची टोपी, क्राकुस्का. कडेला काळ्या मेंढीची लोकर आणि एका बाजूला मोरपिसांचा झुपका. हो, मोरपीस. पाहणाऱ्या मराठी माणसाची नजर पहिल्यांदा तिथंच जाते.

मग भारतातून मोरपिसं नेली तर चालतील?

नाही. भारतातून मोराच्या पिसांची निर्यात बंद आहे, पीस गळून पडलेलं असलं तरी. विमानतळावर बॅगेत सापडली तर काढून घेतील आणि वर चौकशी मागे लागेल. पोलंडमध्ये पाळलेल्या मोरांची पिसं पोशाख शिवणाऱ्यांकडेच मिळतात, तिथंच घ्या.

क्राकूफचा बायकांचा वेश कोणत्या क्रमाने घालायचा?

क्रम चुकला की अर्धा तास वाया जातो. आधी पांढरं ब्लाउज, मग एक-दोन खळ दिलेले परकर, मग फुलाफुलांचा घागरा, त्यावर पांढरा एप्रन, आणि मग गोर्सेत. गोर्सेत म्हणजे काळ्या (कधी निळ्या, लाल वा हिरव्या) मखमलीची बिनबाह्यांची चोळी, समोरून लाल फितीने आवळायची. तिच्या कमरेला लहान लहान जिभांसारखे तुकडे असतात. ते घागऱ्याच्या आणि एप्रनच्या पट्टीवर बाहेर पसरले पाहिजेत. नवशिक्या मुली गोर्सेत आधी घालून त्यावर एप्रन बांधतात, जिभा आत दबतात आणि कमर बोजड दिसते.

शेवटी गळ्यात पोवळ्यांचे सर, शक्यतो तीन. पायात घोट्याच्या वर जाणारे नाडीचे बूट. पांढरे स्नीकर्स घालून फोटो काढणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

डोक्यावर काय घालायचं? लग्न झालेलं असेल तर फरक पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

डोक्यावरचं फुलांचं कडं, म्हणजे व्यानेक, आणि पाठीवर सोडलेल्या रंगीत फिती ही अविवाहित मुलीची खूण. लग्नाच्या रात्री, साधारण मध्यरात्रीला, ‘ओचेपिनी’ नावाचा विधी होतो. नवरीचा व्यानेक उतरवून लग्न झालेल्या बायका तिच्या डोक्याला टोपडं किंवा रुमाल बांधतात. त्या क्षणापासून ती त्यांच्यातली. क्राकूफकडे यासाठी पांढऱ्यावर पांढरं भरतकाम केलेला मोठा रुमाल असायचा आणि तो डोक्याभोवती गुंडाळण्याची खास पद्धत होती. ती गावातल्या ठरावीक बायकांनाच नीट जमायची. कडक खळीमुळे बांधलेला रुमाल डोक्यावर मुकुटासारखा ताठ उभा राहायचा.

आज रंगमंचावर पंचेचाळिशीच्या बाईलाही व्यानेक घालतात, कारण फिती फोटोत छान दिसतात. नाचाच्या गटात ते खपून जातं. पण गावच्या सणाला एखादी सासुरवाशीण व्यानेक घालून आली, तर वयस्क बायका एकमेकींकडे बघतील.

पोवळी खरी आहेत हे कसं ओळखायचं?

जुन्या सरांतले मणी एकसारखे नसतात. मधला मोठा, पिंपाच्या आकाराचा, कडेकडे लहान होत जाणारे. अगदी सारखे गोल मणी दिसले तर काच, प्लास्टिक किंवा दाबून बनवलेली भुकटी समजा. खरं पोवळं हातात घेतल्यावर गार आणि जड लागतं, भिंगातून पाहिलं तर बारीक समांतर रेषा दिसतात. काचेत बुडबुडे दिसतात.

ही भूमध्य समुद्रातली पोवळी फार महाग असत. एका चांगल्या सराची किंमत गाईइतकी धरत असं खेड्यात सांगतात. म्हणून ती आईकडून लेकीकडे जात. घामाने आणि अत्तराने त्यांची चमक मरते, तेव्हा वापरून झाल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसा. लिंबू, सोडा, व्हिनेगर चुकूनही लावू नका. पोवळं चुनखडीच्या जातीचं आहे, आंबटाने झिजतं.

वोविचचे इंद्रधनुषी पट्टे कसे बनतात?

वॉर्सा आणि वुच यांच्या मधलं वोविच हे गाव. इथल्या कापडाला पाश्याक म्हणतात. उभं सूत ताग किंवा कापसाचं, आडवं जाड रंगीत लोकरीचं. लोकर इतकी ठासून बसवतात की उभं सूत दिसतच नाही. मागावर पट्टे आडवे येतात. घागरा शिवताना कापड वळवून घेतात म्हणून ते अंगावर उभे होतात.

रंगांवरून काळ सांगता येतो. सगळ्यात जुन्या कापडात लाल जास्त, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे नारिंगी चढला, आणि पहिल्या महायुद्धानंतर हिरवा, निळा, जांभळा असे थंड रंग आले. नारिंगीच्या वर्चस्वाचा घागरा मिळाला तर जपा.

बायकांच्या वेशाला वेउन्याक म्हणतात. यात घागरा आणि काळ्या मखमलीची भरतकामाची चोळी एकत्रच शिवलेली असतात. वर तशाच पट्ट्यांचा एप्रन, थंडीत खांद्यावर घ्यायला त्याच कापडाची दुसरी ओढणी. हे सगळं लोकरीचं, चुण्या दाट, आत परकर. अंगावर चांगलंच ओझं होतं. पुरुषांची विजारही याच पट्ट्यांच्या कापडाची, बुटांत खोचलेली, वर जाकीट.

पट्टे पोपच्या रक्षकांच्या गणवेशावरून आले असं गाइड हमखास सांगतात. वोविच शेकडो वर्षं ग्निएझ्नोच्या आर्चबिशपांची जहागीर होती, त्यावरून ही कथा रचली गेली असावी. ऐकायला मजेशीर आहे, एवढंच.

हा वेश जित्याजागत्या माणसांच्या अंगावर बघायचा असेल तर ‘बोझे च्यावो’ (कॉर्पस क्रिस्ती) या ख्रिस्ती सणाच्या मिरवणुकीला वोविचला जा. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी असते, म्हणजे दरवर्षी तारीख बदलते.

डोंगरातल्या गुराल लोकांच्या पांढऱ्या विजारीवर हृदयासारखं काय असतं?

त्याला पाझेनित्सा म्हणतात. पोदहालेची विजार (पोर्त्की) जाड पांढऱ्या बनातीची, पायाला घट्ट. पुढे मांडीच्या वरच्या भागात दोन उभ्या चिरा असतात, नाहीतर ती चढवताच येणार नाही. चिरा उसवू नयेत म्हणून पूर्वी त्याभोवती दोरीचे वेटोळे शिवत. तेच वेटोळे वाढत वाढत एकोणिसाव्या शतकात रंगीत लोकरीच्या हृदयाकृती नक्षीत बदलले. म्हणजे गरज आधी, शोभा मागून. हे भरतकाम गावचे पुरुष शिंपी करत.

बनात इथली खरी नायिका. विणलेलं लोकरी कापड कोमट पाण्यात ओलं करून पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली कुटत. त्याने धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, जाड होतं, पाऊस सहज आत जात नाही आणि कापलेली कडा सुटत नाही. क्राकूफच्या चौकातली जुनी बाजारपेठ सुक्येन्नित्से हिचं नावही याच कापडावरून, ‘सुक्नो’वरून, पडलंय, आणि सुकमानाचंही.

बाकी वेश असा: अंगात सदरा, त्यावर पितळी काटा; मेंढीच्या कातड्याची बंडी म्हणजे सेर्दाक; खांद्यावर नुसती टाकायची आखूड पांढरी त्सुखा, तिच्या बाह्यांत हात फारसे घालत नाहीत; काळी फेल्टची टोपी; हातात च्युपागा, म्हणजे कुऱ्हाडीच्या मुठीची काठी. मेंढपाळांच्या म्होरक्याला, बात्साला, तीन ते पाच बकलांचा रुंद चामडी पट्टा.

टोपीभोवतीची पांढरी माळ जवळून बघा. त्या कवड्या आहेत! आपल्याकडे भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात असतात त्याच उष्ण समुद्रांतल्या छोट्या कवड्या, तात्राच्या बर्फात. तिथं त्यांना कोस्त्की, म्हणजे ‘हाडं’, म्हणतात. टोपीतलं पीस पूर्वी गरुडाचं असे; आता गरुड संरक्षित आहे, म्हणून दुसऱ्या पक्ष्यांची पिसं लावतात.

क्येर्प्त्से कसे बांधायचे? नाचताना निघतात.

क्येर्प्त्से म्हणजे चामड्याच्या एकाच तुकड्याला टाचून केलेली चप्पलवजा पादत्राणं. निघण्याची कारणं दोन. एक, मोठ्या मापाचे घेतले. चामडं वापराने सैलावतं, त्यामुळे नवे घेताना जाड लोकरी मोजे घालून अंगठ्याला किंचित लागतील इतके घट्ट घ्या. दोन, वादी चुकीची बांधली. वादी आधी टाचेमागून ओढून घ्यायची, पुढे घोट्यावर ओलांडायची, घोट्याभोवती दोन-तीन वेढे घ्यायचे आणि गाठ बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूची गाठ दुसऱ्या पायात अडकते.

तळ गुळगुळीत असतो. लाकडी रंगमंचावर नाचण्याआधी तळाला थोडी राळ चोळा किंवा ओल्या फडक्यावर पाय पुसा.

घरी क्राकूफचा बायकांचा वेश शिवायचा तर कापड किती लागेल?

मध्यम बांध्यासाठी हा हिशेब पुरतो:

घागरा: १४० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड पावणेतीन मीटर. ९० सेंटिमीटरचे तीन तुकडे जोडले की घेर चार मीटरच्या आसपास येतो. शिवून लांबी ८० सेंटिमीटर, पोटरीच्या मध्यापर्यंत. मूळ कापड ‘तिबेत’ नावाची पातळ छापील लोकर. ती नाही मिळाली तर गुलाबांचं प्रिंट असलेलं जरा वजनदार सुती कापड घ्या. पॉलिएस्टर घेऊ नका, चुण्या फुगतात आणि नाचताना पायांना चिकटतो.

गोर्सेत: सुती मखमल १ मीटर, अस्तराला जाड ताग किंवा सुती ड्रिल १ मीटर.

ब्लाउज: पातळ ताग किंवा सुती, २ मीटर. परकर: सुती, साधारण ३ मीटर. एप्रन: १ मीटर.

व्यानेकच्या फिती: १ मीटर लांबीच्या १० ते १२. टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या आचेवर हलकी धरा, नाहीतर दुसऱ्याच कार्यक्रमात दोरे सुटतील.

गोर्सेत शिवताना आधी तुकड्यांवर मणी आणि टिकल्यांचं काम पुरं करा, मग अस्तर लावा. उलटं केलं तर अस्तर सुरकुततं. मण्यांचा दोरा दर चार-पाच मण्यांनी मागे गाठ मारून पुढे न्या. एकच लांब दोरा ठेवला आणि तो तुटला की अर्धी वेल जमिनीवर. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेने हवी. हे विसरलं तर एक बाजू काळी आणि दुसरी करडी दिसते, आणि ती चूक मग कशानेही झाकत नाही.

चेन लावू नका, इलॅस्टिक तर नकोच. फीतच बांधायची.

धुवायचं, इस्त्री करायचं, ठेवायचं कसं?

बनात आणि पाश्याक घरी धुवायचं नाही. गरम पाण्यात लोकर आटते आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. कोरड्या ब्रशने झटका, सावलीत हवा द्या. पांढऱ्या बनातीवर तेलाचा डाग पडला तर बटाट्याचं कोरडं स्टार्च भुरभुरा, काही तास ठेवा, झटका. गरज पडली तर पुन्हा.

मखमलीवर सरळ इस्त्री फिरवली की लव कायमची बसते. जाड टॉवेलवर उलटी ठेवून वाफ द्या. मणी आणि टिकल्या असतील तर इस्त्री दुरूनच.

ब्लाउज, परकर आणि एप्रनला खळ हवीच. तिकडे ती बटाट्याच्या स्टार्चची करतात: एक मोठा चमचा स्टार्च अर्धा कप गार पाण्यात कालवा, एक लिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओता, गार होऊ द्या. कपडे बुडवून पिळा आणि दमट असतानाच इस्त्री करा. पूर्ण वाळल्यावर केली तर खळीचे पांढरे पापुद्रे निघतात. परकराला दुप्पट खळ, ब्लाउजला एवढीच.

चुण्यांचा घागरा हँगरवर टांगू नका. चुण्या एकावर एक घेऊन, तीन जागी सुती फितीने सैल बांधून, आडवा ठेवा. लोकरीत कसर लागते. कडुनिंबाचा पाला आपला आहेच, तिकडे लॅव्हेंडर ठेवतात.

बाकी प्रदेशांचं थोडक्यात?

कुर्प्ये हा जंगलातला भाग. इथल्या मुलींच्या डोक्यावर चुव्को असतं: ताठ, उंच, काळ्या मखमलीचं नळकांडं, वर फिती आणि फुलं. गळ्यात पोवळ्यांऐवजी अंबर, कारण ते इथल्याच मातीत सापडायचं.

काशुबीत, बाल्टिक किनाऱ्याच्या बाजूला, भरतकाम सात रंगांचं: निळ्याच्या तीन छटा, लाल, पिवळा, हिरवा, काळा. आज दिसणारा तिथला वेश मात्र बराचसा विसाव्या शतकात पुन्हा रचलेला आहे.

सिलेशियातल्या बेस्किद डोंगरात कोन्याकूफ गावची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. तिची सुरुवात लग्न झालेल्या बायकांच्या टोपड्यापासून झाली.

मी मराठी आहे. पोलिश मित्राच्या लग्नात हा वेश घातला तर चालेल?

सहसा कुणी वाईट मानत नाही, उलट कौतुकच होतं. पण यजमानांना आधी विचारा, आणि त्यांच्याच प्रदेशाचा वेश घ्या. पोदहालेच्या लग्नात क्राकूफची क्राकुस्का म्हणजे कोल्हापुरी फेट्यावर पुणेरी पगडी. वेगवेगळ्या प्रदेशांचे तुकडे मिसळू नका. संच अर्धा असेल तर साधा पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला त्यांच्याच भागातला पट्टा, एवढं जास्त शोभतं.

नवरी असाल, तर ओचेपिनीला व्यानेक कोण उतरवणार हे सासूशी आधी बोलून घ्या. पाहुण्यांसमोर गोंधळ झाला की तो व्हिडिओत राहतो.

दुकानातला वेश खरा की पर्यटकांसाठी केलेला?

उलटा करून बघा. अस्तर नसेल, टिकल्या डिंकाने चिकटवलेल्या असतील, मागे चेन असेल, तर तो शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता. पुरुषी पट्टा हातात घेऊन हलवा: पितळेची कडी खणखणीत वाजतात, पत्र्याची खुळखुळतात. विजारीवरची पाझेनित्सा बोटाने चाचपा. हाताची लोकर उंचसखल लागते, मशीनची सपाट आणि चकचकीत.

विकत घेण्याआधी अस्सल कपडा बघून यायचा असेल तर क्राकूफचं एथ्नोग्राफिक संग्रहालय, १९११ मध्ये सुरू झालेलं, आणि वोविचचं संग्रहालय पुरेसं आहे. तिथं काचेपलीकडचा घागरा दहा मिनिटं न्याहाळला की बाजारातला नकली दुरूनच कळायला लागतो.

च्युपागा घेतलीत तर ती चेक-इन बॅगेत टाका. केबिनमध्ये कुऱ्हाड नेऊ देत नाहीत, लाकडाची असली तरी वाद होतो.